आमच्या व्हाउचरचं ऑडिट ते करतात, मग त्यांचं ऑडिट कोण करतं?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, मी लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत हिशोब बघतो. युनोच्या एका एजन्सीच्या पैशातून आमच्याकडं शाळांमधलं पाण्याचं काम चालू हाय. दर तिमाहीला फेस फॉर्म, म्हणजे खर्च दाखवून पुढचे पैसे मागायचा नमुना, भरायचा, मागचा हिशोब जुळला की पुढचा हप्ता. मागच्या महिन्यात एजन्सीकडून स्पॉट चेकला, म्हणजे जागेवर येऊन हिशोब तपासायला, दोघं आले, दोन दिवस व्हाउचर काढून बघितले आणि टँकरवाल्याला दिलेले ४,८०० रुपये अमान्य केले, का तर बिल छापील नाही आणि पावतीवर अंगठा हाय. आता मे महिन्यात आपल्याकडं टँकर मिळाला हेच खूप, छापील बिल कुठून आणायचं? ते पैसे संस्थेनं पदरचे भरले.
ऑडिट नको असं मी म्हणत नाही, लोकांचा पैसा हाय, व्हायलाच पाहिजे. पण रात्री झोप येईना म्हणून विचार करत बसलो की ह्यांचे हजारो कोटी कोण तपासतं? आपल्या कॅगला, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांना, अधिकार हाय का? का ह्यांना कुणी विचारणाराच नाही?

परभणीकर_लेखा:
जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात उभी नोकरी काढली, म्हणून लिहितो. विचारणारा आहे. युनोच्या आमसभेनं १९४६ सालीच ऑडिट बोर्ड नेमलं. त्यात तीन सदस्य, आणि सदस्य म्हणजे कुणी व्यक्ती नसते तर तीन देशांचे महालेखापरीक्षक, आपल्या कॅगसारखे. मुदत सहा वर्षं. भारताचे कॅग त्यात दोनदा होते, १९९३ ते १९९९ आणि परत २०१४ ते २०२०. जागतिक आरोग्य संघटना ह्या बोर्डाखाली येत नाही, तिचा बाह्य लेखापरीक्षक वेगळा असतो, २०२० पासून ते काम आपल्याच कॅगकडं होतं.
पण तुम्ही विचारलंय तसं कॅगनं उठून दिल्लीतल्या युनोच्या ऑफिसात जाऊन दप्तर मागितलं तर ते चालत नाही. १९४६ च्या करारानं युनोच्या कागदपत्रांना संरक्षण आहे आणि आपल्याकडं १९४७ चा कायदाही आहे. बाहेरचं ऑडिट एकच, नेमलेल्या ऑडिटरचं. देशोदेशीचे ऑडिटर वेगवेगळे येऊन तपासायला लागले तर काम ठप्प होईल, असं त्यामागं कारण देतात. मला ते निम्मं पटतं.
जि.प.त स्थानिक निधी लेखाचे लोक पॅरे, म्हणजे लेखी आक्षेप, काढायचे, आम्ही अनुपालन द्यायचं आणि मग विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात आली की साहेब लोकांना घाम फुटायचा. न्यूयॉर्कला ते काम आमसभेची पाचवी समिती करते, तिच्या आधी एक सल्लागार समिती अहवाल चाळते. अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात आणि मागच्या कोणत्या शिफारशी पूर्ण झाल्या, कोणत्या लटकल्या त्याचा तक्ता शेवटी जोडलेला असतो. तो तक्ता नक्की वाचा, खरी गोष्ट तिथं कळते.

देवगिरी_आर्टिकल:
काकांनी रचना बरोबर सांगितली, पण रचना असून उपयोग किती होतो हे बी बघायला पाहिजे. २०२२ मधलं यूएनऑप्सचं, म्हणजे युनोची प्रकल्प राबवणारी एजन्सी, तिचं प्रकरण बघा, गरिबांच्या घरांसाठी आणि अक्षय ऊर्जेसाठी म्हणून ह्यांनी जवळपास ६ कोटी डॉलर एकाच घराण्याशी जोडलेल्या कंपन्यांमध्ये घातले, पैसे अडकले, आणि मे २०२२ मध्ये प्रमुख बाईंनी राजीनामा दिला. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा येतो की ऑडिट बोर्डानं धोका आधीच लिहून ठेवला होता. ऑडिटरनं लिहिलं, पण वाचणाऱ्यांनी वेळेत हात धरला नाही. तुमच्या ४,८०० ला लगेच कात्री आणि तिथं वर्ष वर्ष पत्रव्यवहार.
त्याच्या आधी युनोची इराकमधली तेलाच्या बदल्यात अन्न ही योजना, १९९६ ते २००३. तिच्या चौकशीला नेमलेल्या व्होल्कर समितीनं २००५ मध्ये सांगितलं की दोन हजारावर कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला लाच नाहीतर जादा रक्कम दिली होती. त्यानंतर कुठं स्वतंत्र ऑडिट सल्लागार समिती आली.
अजून एक, क्लीन ओपिनियन, म्हणजे ऑडिटरचा बिनआक्षेप अभिप्राय, आलं म्हणजे चोरी झाली नाही असं आमच्या क्लायंटलाही वाटतं, तसं नसतं. आकडे नियमाप्रमाणे मांडलेत एवढंच त्यातून कळतं. पैसा योग्य जागी गेला का ते वेगळं तपासावं लागतं.

बालाघाट_शेतकरी:
मधी विचारतो, पोकराला, म्हणजे राज्याच्या कृषी संजीवनी प्रकल्पाला, जागतिक बँकेचं कर्ज होतं ना, आमच्या गावात शेततळी त्यातूनच झाली. त्याचं बी असंच का?

परभणीकर_लेखा:
नाही, ते वेगळं. पोकरासाठी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज झालं, पण कर्ज घेणारं आपलं सरकार, म्हणजे खर्च सरकारी खात्यातून. तिथं कॅगचा हात पोचतो आणि मराठवाड्याचं महालेखाकार कार्यालय नागपूरला आहे. तुमच्या गावातल्या शेततळ्याची माहिती तुम्ही माहितीच्या अधिकारात मागू शकता. युनोच्या एजन्सीला आपला तो अधिकार लावता येत नाही, माझ्या मते खरी उणीव ही आहे.
मांजराकाठ, तुमच्या पावतीबद्दल. अंगठा आहे म्हणून पावती खोटी ठरत नाही, तिला आधाराचा कागद लागतो. सरकारी टँकरला लॉगबुक असतं, खेप आली की गावातल्या बायांच्या सह्या घेतात, तसं काही तुमच्याकडं आहे का? असेल तर कशामुळं अमान्य केलं ते लेखी मागा आणि तो आधार जोडून फेरविचाराला पाठवा. स्पॉट चेकवाला आपलं निरीक्षण लिहून जातो, निर्णय एजन्सीच्या ऑफिसचा असतो. आणि गैरव्यवहारच दिसला तर युनोच्या अंतर्गत देखरेख कार्यालयाकडं तक्रार करता येते, ते १९९४ पासून आहे, पण त्याची गरज तुम्हाला इथं नाही.

मांजराकाठ:
काका, लई आभार. शाळेत विचारलं, मुख्याध्यापिका बाईंनी खेपेची वही ठेवलेली हाय, तारीख, किती लिटर, टाकी भरली का, सगळं, आणि खाली स्वयंपाकाच्या मावशीची सही. आम्ही ती फाइलला लावलीच नव्हती, ही चूक आमची. उद्या सकाळी झेरॉक्स काढून पत्रासोबत पाठवतो. आणि तो शिफारशींचा तक्ता बी उघडलाय, इंग्रजी अवघड जातंय पण आमच्या एजन्सीचं पान सापडलं. रोज थोडं वाचतो, अडलं की इथंच विचारतो.