बॅकअप सर्चमधून येणाऱ्या नोंदींसाठी टाइप कसा ठेवावा? एस३ आणि ईबीएस एकाच लायब्ररीत

साकीनाका_बॅकएंड

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांची कागदपत्रं सांभाळणारी सिस्टिम आहे. ठराव, ऑडिट रिपोर्ट, पुनर्विकासाचे करारनामे, आर्किटेक्टचे नकाशे. नवीन स्कॅन एस३ मध्ये (क्लाउडमधला ऑब्जेक्ट साठा) जातात, जुन्या सर्व्हरवरच्या फाइली ईबीएस व्हॉल्यूमवर (सर्व्हरला जोडलेली क्लाउड डिस्क) आहेत. सगळं एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये. रिकव्हरी पॉइंटवर (म्हणजे एकेका वेळच्या बॅकअपवर) बॅकअप इंडेक्स (आतल्या फाइलींची शोधता येणारी सूची) चालू केलाय आणि एडब्ल्यूएस बॅकअपच्या सर्च एपीआयवर आमची छोटी लायब्ररी बसवतोय. जावा २१, एडब्ल्यूएसच्या जावा एसडीकेची (त्यांच्या तयार कोडसंचाची) २.x आवृत्ती.

सध्या 'बॅकअपआयटम' नावाचा एकच क्लास आहे: पाथ, साइज, तारीख, ईटॅग (एस३ ऑब्जेक्टला देतो ती आशयाची खूण), व्हर्जन आयडी, फाइल सिस्टिम आयडी. नोंद एस३ ची असो की ईबीएसची, दोनेक फील्ड कायम नल. त्यात हॅशसेटमध्ये (समान नोंद एकदाच ठेवणारा संच) टाकल्यावर काही नोंदी गायब होतात, कारण इक्वल्स (दोन नोंदी समान का ते ठरवणारी मेथड) फक्त पाथवर लिहिलंय. हा क्लास दुरुस्त करावा की मुळातून बदलावा?

परळ_क्लाउड

मुळातून बदला. एपीआय स्वतःच 'रिझल्टआयटम' हा युनियन देतो, म्हणजे एका वेळी एस३ची नोंद किंवा ईबीएसची, दोन्ही कधीच नाही. तोच आकार लायब्ररीत ठेवा: 'शोधनोंद' नावाचा सील्ड इंटरफेस (ज्याचे उपप्रकार आधीच ठरवून दिलेले असतात) आणि त्याखाली दोन रेकॉर्ड (नुसता डेटा धरणारे छोटे क्लास).

दोघांत समान: बॅकअपचा एआरएन (एडब्ल्यूएसमधली एकमेव ओळख), मूळ रिसोर्सचा एआरएन, व्हॉल्टचं (बॅकअप ठेवायच्या कप्प्याचं) नाव, क्रिएशन टाइम. एस३च्या रेकॉर्डमध्ये ऑब्जेक्ट की, ऑब्जेक्ट साइज, ईटॅग, व्हर्जन आयडी. ईबीएसच्या रेकॉर्डमध्ये फाइल सिस्टिम आयडेंटिफायर, फाइल पाथ, फाइल साइज, लास्ट मॉडिफाइड टाइम. जावा २१ मध्ये स्विचचा पॅटर्न मॅचिंग पक्का झालाय, त्यामुळे उद्या तिसरा प्रकार आला की जिथे जिथे तो हाताळायचा राहिलाय तिथे कंपायलरच अडवतो. तेवढ्यासाठी स्विचमध्ये डिफॉल्ट लिहू नका.

एसडीकेच्या बाजूला मात्र उलटं. तिथे टाइप विचारल्यावर 'अननोन टू एसडीके व्हर्जन' असं उत्तर येऊ शकतं. सर्व्हिसने नवा प्रकार सुरू केला आणि तुमचं एसडीके जुनं असलं की हे होतं. अशी नोंद गुपचूप गाळू नका. मोजा, लॉग करा आणि कॉल करणाऱ्याला आकडा कळवा. नाहीतर 'फाइल बॅकअपमध्ये नाही' असं चुकीचं उत्तर सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जाईल.

हॅशसेटचं कारण तुम्हीच सांगितलंत. तोच पाथ प्रत्येक रिकव्हरी पॉइंटमध्ये परत परत येणारच, बॅकअप म्हणजे तेच. ओळख अशी धरा:

एस३ साठी बॅकअपचा एआरएन + ऑब्जेक्ट की + व्हर्जन आयडी.
ईबीएससाठी बॅकअपचा एआरएन + फाइल सिस्टिम आयडेंटिफायर + फाइल पाथ.

मधला आयडेंटिफायर वगळू नका. एका व्हॉल्यूमवर दोन पार्टिशन असतील तर दोन्हीकडे अगदी एकच पाथ असू शकतो, आणि रिस्टोअर भलत्याच फाइलचा होईल.

गोरेगाव_जेव्हीएम

सील्ड इंटरफेस बरोबर, पण यूआयला टेबल दाखवायचं तर सपाट क्लास सोयीचा पडतो. टेबलसाठी वेगळा डीटीओ (फक्त डेटा वाहून नेणारा क्लास) करा, तो डोमेन टाइपमधून बनू द्या. उलट दिशेने कधीच नको.

साइजसाठी लाँगच (६४ बिट). इंटमध्ये (३२ बिट) कास्ट केलंत तर ३ जीआयबीची फाइल, म्हणजे ३,२२१,२२५,४७२ बाइट, उणे १,०७३,७४१,८२४ अशी दिसते. मोठ्या नकाशांच्या झिप फाइलींत हे सर्रास होतं.

वेळ इन्स्टंटमध्ये (यूटीसीवरचा नेमका क्षण) ठेवा, लोकलडेटटाइममध्ये (टाइमझोनविना तारीख-वेळ) नको. आर्थिक वर्ष २०२४-२५ हवं असेल तर सुरुवात १ एप्रिल २०२४, रात्री १२ भारतीय वेळ, म्हणजे यूटीसीत ३१ मार्च, १८:३०. तारीख यूटीसीत धरून फिल्टर लावलात तर १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता चढलेला ऑडिट रिपोर्ट मागच्या वर्षात जातो. शिवाय टाइम कंडिशनमध्ये 'पेक्षा कमी किंवा समान' मिळतं, नुसतं 'पेक्षा कमी' नाही. म्हणून वरची हद्द एक मिलिसेकंद मागे घ्या, नाहीतर बरोबर सीमेवरची नोंद दोन्ही वर्षांत येते.

ईटॅगला एमडी५ (फाइलच्या आशयाचा हॅश) समजून पडताळणी करू नका. मल्टिपार्ट अपलोड झालेल्या ऑब्जेक्टचा ईटॅग म्हणजे तुकड्यांच्या हॅशचा हॅश, शेवटी डॅश आणि तुकड्यांची संख्या. केएमएस (एडब्ल्यूएसची एन्क्रिप्शन किल्ल्यांची सेवा) एन्क्रिप्शन असेल तर एक तुकडा असूनही तो एमडी५ नसतो. साधी स्ट्रिंग म्हणून ठेवा.

अक्षरजुळणी

फाइलींची नावं मराठीत असतील तर पाथच्या तुलनेकडे आधी बघा. 'पायऱ्यांची_दुरुस्ती' हेच नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडेल. एक, ऱ हा एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक), ०९३१. दोन, र आणि नुक्ता असे सुटे, जसं मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसवरून आलेल्या फाइलींत होतं. तीन, र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. एस३ ऑब्जेक्ट कीचं नॉर्मलायझेशन (एकाच रूपात आणणं) करत नाही, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन वेगळी ऑब्जेक्ट आहेत.

एनएफसी (सुटे कोडपॉइंट जोडणारं युनिकोडचं प्रमाण रूप) लावल्याने पहिला आणि दुसरा एक होतात. तिसरा होत नाही, त्याच्यासाठी 'र, हलन्त, जॉइनर' याच्या जागी 'ऱ, हलन्त' असं स्वतः बदलावं लागतं. हे फक्त तुलनेच्या वेगळ्या फील्डवर करा. मूळ की तशीच्या तशी जपा, कारण रिस्टोअरला तीच द्यावी लागते. सर्व्हरकडच्या फिल्टरला 'दुरुस्ती' एवढाच निर्धोक तुकडा द्या आणि बारीक जुळणी आपल्याकडे करा.

आणखी एक: एस३ कीची मर्यादा १०२४ बाइट आहे आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. म्हणजे जेमतेम ३४१ कोडपॉइंट. काना, मात्रा, हलन्त सगळे त्यात धरून.

साकीनाका_बॅकएंड

तिन्ही उत्तरांसाठी मनापासून आभार. सील्ड इंटरफेस घेतोय. एक शंका राहिली: सर्च जॉब 'कम्प्लीटेड' दाखवतो, तरी माहीत असलेली फाइल निकालात येत नाही. पेजिनेशन (निकाल पानापानाने आणणं) एसडीकेच्या पेजिनेटरनेच केलंय.

परळ_क्लाउड

पेजिनेटर वापरलाय म्हणजे मधेच थांबण्याचा प्रश्न मिटला. 'कम्प्लीटेड' म्हणजे सगळे बॅकअप तपासले असं नाही. जॉबचा स्टेटस मेसेज वाचा. परवानगीअभावी काही रिकव्हरी पॉइंट तपासता आले नाहीत तरी जॉब पूर्ण म्हणूनच येतो आणि कारण त्या मेसेजमध्ये असतं. मग 'लिस्ट सर्च जॉब बॅकअप्स' कॉल करा. त्यात प्रत्येक बॅकअपची स्थिती दिसते, फेल झालेल्याला संदेशासकट. तुमचा रिकव्हरी पॉइंट त्या यादीतच नसेल तर त्याच्या इंडेक्सची स्थिती बघा. ती अ‍ॅक्टिव्ह नसेल तर तो बॅकअप शोधात धरलाच जात नाही. इंडेक्स चालू करण्याआधीच्या रिकव्हरी पॉइंटवर बहुधा हेच झालं असेल, त्यांचा इंडेक्स वेगळा बनवावा लागतो.

म्हणून लायब्ररीच्या शोध मेथडने नुसती नोंदींची यादी परत देऊ नये. नोंदी, न तपासलेले बॅकअप आणि अनोळखी नोंदींची संख्या असा एकच निकाल-रेकॉर्ड द्या. 'सापडलं नाही' आणि 'बघताच आलं नाही' ही दोन उत्तरं कॉल करणाऱ्याला वेगळी दिसलीच पाहिजेत.

गोरेगाव_जेव्हीएम

हा निकाल जेसनमध्ये साठवणार असाल तर प्रकारासाठी 'एस३', 'ईबीएस' अशी स्वतःची नावं द्या. जॅक्सनला (जेसन वाचणारी-लिहिणारी जावा लायब्ररी) क्लासचं पूर्ण नाव लिहू दिलंत तर पॅकेजचं नाव बदलल्याच्या दिवशी जुन्या फाइली वाचता येणार नाहीत, आणि बाहेरून आलेल्या जेसनमधून कुठलाही क्लास उभा करण्याची सुरक्षेची भानगड वेगळीच.