साध्या सुखाला भाव किती लावायचा?

नौपाडाकर
वय ४६. नौपाड्यात वन बीएचके, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मेहुणा हात धुऊन मागे लागलाय: हे विका, थोडं कर्ज काढा, घोडबंदर रोडला कासारवडवलीत टू बीएचके घ्या. हिशेब चोख आहे त्याचा, मीही अकाउंट्समधलाच.

पण त्याच्या एक्सेलमध्ये माझी संध्याकाळ कुठेच नाही. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरतो, जांभळी नाक्यावर भाजी घेतो. तिथली मावशी मेथीची जुडी उलटी धरून झटकते, माती सगळी माझ्या बुटांवर, आणि वर म्हणते, "न्या आता, साफ करून दिली!" कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडायचे. तलावपाळीच्या कट्ट्यावर शाळेतला मित्र शेंगदाण्याची पुडी घेऊन बसलेला असतो. फारसं बोलत नाही आम्ही. (टरफलं खिशात, तलावात नाही. यावर आमचं एकमत आहे.) साडेसातला घरी.

सांगण्यासारखं काही नाही यात, पण मी मजेत आहे. याची रुपयांत काही किंमत होते, की हा नुसता आळस?

घोडबंदरचा_जुना_भाडेकरू
आळस नाही हो. इथे आलो तेव्हा खिडकीतून येऊरचे डोंगर बघून हरखलो होतो. आता पडदा लावलेला असतो. ट्रॅफिकची मात्र सवय होत नाही, तो रोज नव्याने छळतो. मेट्रो ४ धावू लागली की बघू.

वाचनवेडा
किंमत होते. स्टुट्झर आणि फ्राय या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली आकडेवारी तपासली होती, पेपर २००८चा. लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याची भरपाई पगारात किंवा घराच्या किमतीत मिळायला हवी, असं अर्थशास्त्र धरून चालतं. प्रत्यक्षात जेवढा प्रवास जास्त, तेवढं समाधान कमी निघालं.

पण पैशाला अगदीच नावं ठेवू नका. काहनेमन आणि डीटन २०१० मध्ये म्हणाले होते, वर्षाला ७५ हजार डॉलरच्या पुढे रोजची खुशी वाढत नाही (अमेरिकेतला हिशेब). २०२३च्या पेपरात खुद्द काहनेमन सहलेखक होते आणि बहुतेकांची वाढतच राहते असं निघालं.

चरईची_सून
दादा, तुमची संध्याकाळ झकास आहे. वहिनींची कशी जाते? वन बीएचकेत साडेसातनंतर कोण कुठे बसतं, तेही लिहा की.

नौपाडाकर
ताई, नेमकं बोट ठेवलंत. मुलगी अकरावीत आहे. ओटा आवरला की स्वयंपाकघरात फोल्डिंग टेबल मांडून बसते, मिक्सर लावायचा तर तिला विचारून. हिला काल सरळ विचारलं. म्हणाली, "कासारवडवली नको, मलाही बाजार पायाखाली हवा. पण दार लावून बसता येईल अशी एक खोली हवी, आणि गुडघे माझे आहेत, तुमच्या मित्राचे नाहीत."

मेहुणा रुसलाय, त्याचं बघू नंतर. पाचपाखाडीत, स्टेशनला चालत जाता येईल असा, लिफ्टवाला टू बीएचके भाड्याने किती पडतो सध्या? ब्रोकर सोडून कुणीही सांगा.