अँटिबायोटिक चालू असताना अंगात आलेली ताकद: योगायोग म्हणून सोडायची की तिचा माग काढायचा?

कातरवेळ
तीन वर्षं झाली, थकवा माझी पाठ सोडत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळं नॉर्मल. सकाळी उठतानाच अंग मोडून आलेलं असतं आणि दुपारी चारनंतर डोकं चालत नाही.

दोन महिन्यांपूर्वी सायनसचं इन्फेक्शन झालं. गालाची हाडं ठणकत होती. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन दिली, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 10 दिवस. चौथ्या दिवशी गजराच्या आधी जाग आली. जिना एका दमात चढले. रात्री पुस्तकाची चाळीस पानं वाचली आणि दुसऱ्या दिवशी ती आठवतही होती. इन्फेक्शन उतरलं की बरं वाटतंच, हे मलाही कळतं. पण हे बरं वाटणं इन्फेक्शनच्या आधीपेक्षा जास्त होतं. कोर्स संपल्यावर आठवडाभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

डॉक्टर म्हणाले, "योगायोग असेल." मला हे पटत नाही. पुन्हा गोळ्या द्या असं माझं म्हणणं नाही. त्या दहा दिवसांत शरीरात काय बदललं ते शोधा, एवढंच मागणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

निरभ्र
तुमचा थकवा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण निष्कर्षाशी असहमत. जंतुसंसर्ग झाला की शरीर सायटोकाइन्स नावाचे, प्रतिकारशक्तीचे संदेश वाहणारे रेणू सोडतं. सुस्ती येते, भूक मरते, कशातच मन लागत नाही. ती अवस्था ओसरली की माणसाला पंख फुटल्यासारखं वाटतं. चार दिवस अंथरुणात काढल्यावरचा साधा दिवसही सणासारखा वाटतो. शिवाय जुनाट थकव्यात चढउतार असतातच, आणि आपण गोळी घेतो ती सगळ्यात वाईट दिवशी. पुढचे दिवस एरवीही थोडे बरे गेले असते.

मला भीती वेगळीच आहे. असे अनुभव वाचून कुणीतरी उरलेली स्ट्रिप उघडतं.

उंबरठा
निरभ्र, सावधगिरी मान्य, पण "योगायोग" म्हणून फाइल बंद करण्याला माझा ठाम विरोध आहे. 1952 च्या सुमारास क्षयरोगावर इप्रोनियाझिड नावाचं औषध दिलं जात होतं. खिन्न पडून असलेले रुग्ण अचानक उत्साही झाले, बोलू लागले, जेवू लागले. क्षय बरा होतोय म्हणून खूश आहेत, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज हे, मनःस्थितीशी निगडित मेंदूतली रसायनं मोडणारं एन्झाइम रोखतं, हे त्याच सुमारास लक्षात आलं आणि त्यातूनच नैराश्यावरच्या पहिल्या औषधांचा रस्ता निघाला. पुढे यकृताला इजा होते म्हणून ते मागे घेतलं गेलं, ती गोष्ट वेगळी. आजचं लिनेझोलिड हे अँटिबायोटिकसुद्धा तेच एन्झाइम थोडंफार रोखतं, म्हणून नैराश्याच्या बऱ्याच औषधांबरोबर ते देताना डॉक्टर जपून असतात.

डॉक्सिसायक्लिनचंही काम फक्त जंतूंना रोखण्यापुरतं नाही. रोझेशिया या चेहऱ्याच्या त्वचेच्या आजारात ती दिवसाला 40 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेत देतात, ती दाह कमी करण्यासाठी. तेव्हा "इन्फेक्शन गेलं म्हणून बरं वाटलं" हे एकमेव उत्तर नव्हे.

निरभ्र
क्षयाच्या उदाहरणात डॉक्टरांना एकामागून एक अनेक रुग्णांत तेच दिसलं होतं. इथे एक व्यक्ती आणि दहा दिवस. आणि थकव्यावर दीर्घ अँटिबायोटिकचा प्रयोग झालेला आहे. लाइम रोगानंतर (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग) रेंगाळणाऱ्या तक्रारींसाठी नेदरलँड्समधल्या चाचणीत सगळ्यांना आधी दोन आठवडे इंजेक्शनं दिली आणि नंतर 12 आठवडे काहींना अँटिबायोटिक, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली गोळी. निकाल 2016 साली आला: जास्तीच्या 12 आठवड्यांचा फायदा दिसला नाही.

पाऊलवाट
मला तर प्रत्येक वेळी असंच होतं. आता अगदीच गळून गेल्यासारखं झालं की घरातल्या गोळ्या तीन दिवस घेते. फरक पडतो. शरीर आपलं आहे, आपल्याला कळतं.

कातरवेळ
पाऊलवाट, कळवळून सांगते, हे थांबवा. माझ्या धाग्याचा आधार कृपया यासाठी घेऊ नका. आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा जंतू माजला तर जुलाबांनी जीव धोक्यात येतो, आणि खरी गरज पडेल तेव्हा गोळी लागू पडणार नाही. दर वेळी फरक पडतो हे डॉक्टरांना सांगा. त्यांच्यापासून लपवून तीन-तीन दिवसांचे डोस घेतले तर कारण कधीच सापडणार नाही.

मध्यरात्र
कातरवेळ, दोन प्रश्न. एक, त्या कागदावर डॉक्सिसायक्लिनशिवाय काय होतं? सायनसची सूज उतरायला कधीकधी थोडे दिवस स्टेरॉइडही देतात. त्याने भलतीच तरतरी येते आणि पहाटे जागही येते. दोन, त्या दिवसांत तुमची झोप कशी होती? माझं नाक वर्षानुवर्षं चोंदलेलं असायचं. घोरणं म्हणजे गाढ झोप, असा समज होता. शेवटी झोपेची तपासणी केली तेव्हा कळलं की रात्रभर श्वास मध्येमध्ये थांबत होता.

कातरवेळ
कागद शोधला. प्रेडनिसोलोन होतं, पाच दिवस! मी त्याला "सुजेची गोळी" समजून विसरले होते. पण रोजनिशीत तरतरी बाराव्या दिवसापर्यंत लिहिलेली आहे, म्हणजे स्टेरॉइड थांबल्यावरही आठवडाभर. झोपेचं विचारलंत आणि चमकले. एरवी सकाळी तोंडाला कोरड पडलेली असते, डोकं जड असतं. त्या दिवसांत दोन्ही नव्हतं. नवरा म्हणतो, घोरणंही नव्हतं. नाक मोकळं झालं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उंबरठा
म्हणजे योगायोग नव्हता.

निरभ्र
अँटिबायोटिकही नव्हतं, निदान थेट तरी. स्टेरॉइडने उतरलेली नाकातली सूज गोळी थांबल्यावरही काही दिवस उतरलेलीच राहू शकते, त्यामुळे तुमचा बारावा दिवस मला अजून कशाचा पुरावा वाटत नाही. पण चोंदलेलं नाक, घोरणं, सकाळची कोरड, एवढ्यावर झोपेची तपासणी मागायला भक्कम कारण आहे, हे मान्य करतो. जाताना रोजनिशी न्या, पण स्टेरॉइडचे पाच दिवस वेगळ्या रंगाने खूण करून. आणि फेरिटिन झालं नसेल तर त्याचंही विचारा. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो.

कातरवेळ
फेरिटिन झालेलं नाही. विचारते.