वडील शस्त्रक्रियेला नको म्हणतात. सही कोणी करायची?

प्रश्न (खानापूर तालुका): वडिलांचे वय ऐंशीच्या पुढे असून खुब्याचे हाड मोडल्याने त्यांना बेळगावच्या एका रुग्णालयात दाखल केले आहे. काल सायंकाळी डॉक्टरांनी कन्नडमधून वार-तारीख विचारली, ती त्यांना सांगता आली नाही. शिवाय ते शस्त्रक्रियेला नको म्हणतात. त्यामुळे ‘यांना समजत नाही, मुलाने सही करावी’ असे सांगण्यात आले. हे योग्य आहे काय?

उत्तर १: तारीख न आठवणे म्हणजे निर्णय घेता न येणे नव्हे. दिलेली माहिती समजते काय, ती स्वतःच्या स्थितीला लागू करता येते काय, पर्यायांचा विचार करून ठाम निवड सांगता येते काय, हे त्या विशिष्ट निर्णयापुरते पाहायचे असते. वृद्धांत जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी किंवा औषधे यांमुळे तात्पुरता भ्रम होतो आणि तो बहुधा सायंकाळी वाढतो. म्हणून उपचारांसोबत सकाळी, चष्मा व श्रवणयंत्र लावून, मराठीतून पुन्हा विचारण्याची विनंती करा: “ऑपरेशन केले नाही तर काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा.”

उत्तर २: समिरा कोहली प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयाने सक्षम प्रौढ रुग्णाची स्वतःची संमती आवश्यक मानली आहे. आपल्याकडे मात्र कागद सरळ मुलापुढे सरकवतात.

उत्तर ३: नकाराचे कारणही विचारा, खर्चाची धास्ती असेल तर ती बोलून दूर होऊ शकते. मात्र हे आजच करा, कारण खुब्याची शस्त्रक्रिया लांबली की न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमांचा धोका वाढतो.