प्लाझ्मातल्या मायक्रोआरएनएसाठी (छोट्या आरएनए रेणूंसाठी) मिर-१६ रेफरन्स, म्हणजे बाकीचे ज्याच्याशी ताडायचे तो, म्हणून चालेल का?

प्रश्न (प्लाझ्मा_क्यूपीसीआर):
ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या रक्ताचा प्लाझ्मा, रुग्ण आणि निरोगी असे दोन गट. यू६ या नेहमीच्या रेफरन्स आरएनएचा सीक्यू (क्यूपीसीआरमध्ये संकेत दिसायला लागणारी आवर्तनं; रेणू कमी तितका आकडा मोठा) ३६च्या पुढे जातोय, म्हणून तो सोडला. मिर-१६ सगळीकडे छान येतो, पण दोन गटांच्या सरासरीत १.५ सीक्यूचा फरक आहे. तरी जीनॉर्मने (स्थिर रेफरन्स निवडणाऱ्या प्रोग्रामने) मिर-१६ आणि मिर-४५१ए हीच जोडी सर्वांत स्थिर ठरवली. तीच घ्यावी का? सेल-मिर-३९ स्पाइक-इनही (ठरावीक प्रमाणात बाहेरून मिसळलेला, एका कृमीचा मायक्रोआरएनए) घातलेला आहे.

गुणसूत्र:
अजिबात नको. हे दोन्ही तांबड्या पेशींत भरपूर असतात. पेशी फुटल्या की दोन्ही बरोबरीने वाढतात, आणि जीनॉर्म फक्त दोघांचं गुणोत्तर किती हलतं एवढंच बघतं. त्यामुळे जोडीने सरकणारे त्याला स्थिरच वाटणार. १.५ सीक्यू म्हणजे सुमारे २.८ पट, तो फरक तुमच्या प्रत्येक निकालात उतरेल.

आधी हिमोलायसिस, म्हणजे तांबड्या पेशी किती फुटल्या ते, तपासा. मिर-२३ए-३पीच्या सीक्यूतून मिर-४५१एचा सीक्यू वजा करा. ५च्या आत असेल तर ठीक, ७च्या वर गेला तर नमुना बाजूला काढा. मधल्यांचं ४१४ नॅनोमीटरला शोषण घ्या, ०.२च्या वर असेल तर शंका घ्याच. नुसत्या रंगावर जाऊ नका, थोडं हिमोलायसिस डोळ्यांना दिसत नाही. फुटलेले नमुने एकाच गटात जास्त असतील तर कुठलंही नॉर्मलायझेशन (नमुने तुलनेसाठी एका पातळीवर आणणं) तुम्हाला वाचवणार नाही.

विदा_कट्टा:
स्पाइक-इन फक्त आरएनए काढताना आणि आरटीत (आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या पायरीत) झालेली कमी-जास्त दाखवतो. एकट्या त्याच्यावर भागत नाही. आणि प्लाझ्मात लायसिस बफर (आरएनए मोकळा करणारं द्रावण) नीट मिसळल्यावरच तो घालायचा. आधी घातला तर आरएनेज (आरएनए तोडणारी विकरं) त्याचा फडशा पाडतात.

पॅनेल शेकडो मायक्रोआरएनएंचं असेल तर ग्लोबल मीन (सगळ्यांची मिळून सरासरी) रेफरन्स म्हणून उत्तम (मेस्टडाग आणि सहकारी, २००९). निवडक सात-आठच असतील तर मात्र नको: त्यातले बरेचसे खरंच बदलत असले तर सरासरीच सरकते आणि फरक पुसला जातो. तिथे नॉर्मफाइंडर हा प्रोग्राम वापरा, कुठला नमुना कुठल्या गटातला ते सांगून. तांबड्या पेशींशी संबंध नसलेले दोन-तीन निवडा आणि त्यांच्या सीक्यूंची साधी सरासरी घ्या.

आरएनए_मोजणी:
पुढे सिक्वेन्सिंग करणार असाल तर आरपीएमवर (दर दहा लाख रीड्समागे, म्हणजे वाचलेल्या तुकड्यांमागे, किती) तुलना करू नका. मिर-४८६-५पीसारख्या एखाद्याने निम्मे रीड्स खाल्ले की बाकीचे उगाच घटलेले दिसतात. कच्चे काउंट्स (रीड्सची मूळ संख्या) घेऊन टीएमएम ही नॉर्मलायझेशनची पद्धत लावा. डीईसेक२ हा प्रोग्राम वापरत असाल आणि शून्यं फार असतील, तर साइझ फॅक्टरसाठी (प्रत्येक नमुन्याला भागायच्या आकड्यासाठी) ‘पॉसकाउंट्स’ पर्याय निवडा.