जाहिराती कापू नका

दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करताना मधल्या जाहिराती उडवाव्यात का, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. मी म्हणेन, मुळीच नाही. मालिका कुठे ना कुठे सापडते हो. पण निवेदिका, ‘व्यत्यय’ची पाटी, साबणाची जाहिरात हे कोण जपतंय?

फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स बाईंनी तीसहून अधिक वर्षं बातम्यांच्या वाहिन्या चोवीस तास रेकॉर्ड केल्या. दर सहा तासांनी कॅसेट बदलायची, त्यामुळे बाहेर जेवायला गेलं तरी घड्याळाकडे लक्ष! २०१२ साली त्या गेल्या तेव्हा ७०,०००च्या आसपास कॅसेट जमल्या होत्या. पुढे या कॅसेट इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाकडे गेल्या.

आता कामाचं. व्हीसीआरमध्ये घालण्याआधी कॅसेटची झडप उचलून फीत उजेडात बघा. पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशीच चालवलीत तर व्हीसीआरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही बिघडवते. (माझ्या दोन गेल्या.) कॅप्चर (म्हणजे संगणकावर उतरवणं) ७२० बाय ५७६ पिक्सेललाच करा, एचडीचा मोह नको. आणि लेबलांचेही फोटो काढा. आमच्या एकीवर नुसतं ‘आईचा कार्यक्रम, पुसू नये’ एवढंच आहे.