मदत हवी आहे: केमोथेरपी सुरू असलेल्या मुलाची खोली आणि भिंतीची ओल

माझ्या ७ वर्षांच्या भाच्यावर रक्ताच्या कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू असून, पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या असताना त्याच्या फुप्फुसात अॅस्परजिलस बुरशीचा संसर्ग आढळला. व्होरिकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध चालू आहे आणि रक्तातील त्याची पातळीही तपासली जाते. औषधांचे सर्व निर्णय डॉक्टरांचेच, त्याविषयी सल्ला नको.

अडचण घराची आहे. लालबागला आमच्या खिडकीसमोर जुन्या चाळीचे पाडकाम चालू आहे, शिवाय पलंगामागच्या भिंतीवर पावसाळ्यात काळी बुरशी धरते. डॉक्टरांनी धूळ आणि ओल दोन्ही टाळायला सांगितले आहे. कुंड्या हलवल्या, बाहेर जाताना तो एन-९५ मास्क लावतो, आणि तो रुग्णालयात असताना भिंत खरवडून रंगवली, तरी पोपडे पुन्हा सुटले. खिडक्या बंद ठेवल्या की धूळ थांबते, पण ओल वाढते. घर भाड्याचे आहे व लगेच बदलता येणार नाही.

बुरशीचे बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रॉनचे असल्याने हेपा फिल्टर (हवेतील अतिसूक्ष्म कण गाळणारा) ते अडवतो. मात्र ओल तो काढत नाही. अशा मुलाला घरी सांभाळलेल्यांनी कृपया सांगावे: बंद खोलीत हेपा प्युरिफायरसोबत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारे यंत्र) लावून भिंत कोरडी राहिली का, की बाहेरून वॉटरप्रूफिंग करावेच लागले, आणि त्या कामानंतर मुलाला किती दिवसांनी खोलीत परत आणले?